नव्या डब्यांतला आवाज

११ मार्च

गेस्ट हाऊस सोडलं एकदाचं. पंधरा दिवसांत डबे तयार होतील म्हणून आलो होतो. दोन महिने होत आले आणि अजून दरवाजे बसायचेत. तिथला स्वयंपाकी रोज वाढता वाढता "साहेब, अजून इथेच?" असं विचारायचा. घास घशाखाली उतरत नसे. आता कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर एका बाईंकडे खोली घेतली आहे. ऊन येतं, पलंग कुरकुरत नाही, खिडकीची कडी लागते. भानगड एकच. पुढच्या मोठ्या खोलीत बाई टायपिंगचा क्लास चालवतात. सकाळ-संध्याकाळ आठ-दहा यंत्रं एकदम बडवली जातात. मधल्या खोलीत जेवणाचं टेबल आहे, त्यावरचे चमचेसुद्धा हलतात. गाडीचे आवाज ऐकण्यात ज्याची सारी हयात गेली, त्याने शोधून शोधून ही खोली घेतली. लेकीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली.

तिला म्हटलं, फार दिवस नाहीत. डबे झाले की मी सही करणार, सही झाली की डबे निघणार आणि डब्यांबरोबर मीही. ही शेवटचीच तपासणी, मग निवृत्त. ती म्हणाली, "तुमची खोली रंगवून ठेवलीय बाबा. रंग उडायच्या आत या."

दातांच्या डॉक्टरांनी कवळी बसवताना बजावलं होतं, महिन्याभराने परत या, हिरड्या बसतात, मग कवळी सैल पडते, नीट करून द्यावी लागते. महिना केव्हाच उलटला. पण जाणार कसा? जुनी गाडी बंद झाली, कारण तिचे डबे मोडीत निघाले. नवी गाडी सुरू होत नाही, कारण तिचे डबे मी पास केलेले नाहीत. उरली बस. बसने घाटांतून वळसे घेत जायला दोन दिवस, यायला दोन दिवस आणि कंबरेचे हाल वेगळे. चालतेय तोवर चालवू.

१६ मार्च

इथल्या फोरमनला सगळे 'होऊन जाईल' म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर, आणि तोही ओ देतो. दरवाजे केव्हा बसणार? होऊन जाईल. पाण्याच्या टाक्या गळतात त्याचं काय? होऊन जाईल. आज वरच्या बर्थवर चढायच्या शिड्या आल्या. खोकी उघडून बघितलं तर सगळ्या शिड्यांचे अडकवायचे आकडे डावीकडे. डब्यातल्या अर्ध्या बर्थना आकडे उजवीकडे लागतात. ज्यांच्याकडून मागवल्या त्यांना फोन केला तर ते म्हणतात, तुम्ही नमुना म्हणून डावी पाठवलीत, आम्ही तशाच केल्या. होऊन जाईल शिडी हातात धरून बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं, आज तरी दुसरं काही बोलेल. शेवटी म्हणाला, होऊन जाईल.

कारखान्याच्या मॅनेजर एक तरुण बाई आहेत. वयाने माझ्या लेकीएवढ्या. मला सर म्हणतात, पण मी आलो की टेबलावरचे कागद सरळ करायला लागतात. माझी एवढी भीती कुणाला वाटावी, हे मला पटत नाही. पण थोडं बरंही वाटतं, खोटं कशाला लिहा.

२० मार्च

बाई मला पाहुणे म्हणतात. भाडं देणारा माणूस पाहुणा कसा, असं विचारलं तर म्हणाल्या, "भाडं देतो आणि आज जातो, उद्या जातो म्हणतो, तो पाहुणाच."

आज जेवताना मला ब्रेडची कडा चावेना. कवळी एका बाजूने उचलली जाते. त्यांनी काही न बोलता कडा कापून टाकल्या आणि सूप पुढे सरकवलं. मग म्हणाल्या, "चौकात डॉक्टरीणबाई आहेत दातांच्या. हात हलका आहे. दाखवून या." म्हटलं, आमच्या डॉक्टरांनी बसवलेली कवळी आहे, दुसऱ्याचा हात लावायचा नाही. एकाने केलेल्या कामात दुसऱ्याने पाना घातला की काय होतं, ते मी जन्मभर बघितलंय.

"कवळी आहे ती, इंजिन नाही," बाई म्हणाल्या.

१ एप्रिल

दरवाजे बसले. सुरेख सरकतात. सगळ्या डब्यांमधलं प्रत्येक दार उघडून मिटून बघितलं. होऊन जाईल माझ्या मागोमाग फडकं घेऊन, माझ्या बोटांचे ठसे पुसत.

क्लासच्या यंत्रांचा आता त्रास होत नाही. उलट रविवारी क्लास बंद असतो तेव्हा चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. एका यंत्राची घंटी वाजत नव्हती, ओळ संपली तरी मुली बडवतच राहायच्या. मी ते खोलून स्प्रिंग बसवून दिली. बाईंनी घंटी तीन-चारदा वाजवून बघितली. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून या यंत्रांच्या दुरुस्तीला घरातल्या कुणी हात लावलेला नाही म्हणे. मग चहा झाला. चहा चांगला करतात, पण कपबशी फारच लहान.

१२ एप्रिल

पहिली चाचणी. तीन डबे जोडून मोकळ्या लाइनवर जंक्शनपर्यंत नेले आणि आणले.

माझी ऐकायची पद्धत मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवली. डोळे मिटायचे, जीभ खाली ठेवायची आणि जबडा सैल सोडायचा. तोंड आवळलं की कानही आवळतात. त्यांच्या हाताखालची सगळी माणसं अशीच ऐकायची. नवख्याला वाटावं, झोपलीत. मी खिडकीशी बसलो, जबडा सोडला. स्प्रिंगा उत्तम. चाकांचा आवाज गोल. दारं गप्प. मनात आलं, याच महिन्यात सही होणार.

आणि गाडीने पूर्ण वेग घेतल्यावर आला. टक. टक. टक. बारीक, कोरडा, अगदी जवळून. वेग कमी झाला की बंद, वाढला की सुरू. होऊन जाईलला शेजारी बसवलं, जबडा सैल सोडायला लावला. त्याला काही ऐकू येईना. मग म्हणाला, "तुमच्याच बाजूने काहीतरी येतंय वाटतं साहेब." मी जागा बदलून समोर बसलो. तिथेही टक.

छताची फळी असणार. संध्याकाळी शेरा लिहून दिला. मॅनेजर मॅडमनी तो उभ्यानेच वाचला.

२३ एप्रिल

छताचे स्क्रू आवळून, प्रत्येकाखाली रबरी वायसर घालून दुसरी चाचणी. आवाज तसाच. मॅडमनी आवाज मोजायचं यंत्र लावलं होतं. यंत्र म्हणतं काही नाही. मी म्हटलं, यंत्राला कान नसतात, सुई असते. आज डब्यात पाचसहा फिटर माझ्याबरोबर ओळीने बसले होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले, सगळ्यांची तोंडं उघडी. चहावाला पोऱ्या आत आला आणि ट्रे घेऊन तसाच परत गेला. शेवटी एक फिटर म्हणाला, "येतोय साहेब, येतोय आवाज." मग बाकीच्यांनाही यायला लागला. एवढ्या माणसांना ऐकू येतो म्हणजे आहेच.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "तुम्हाला आवाज येतो तेव्हा तोंड कसं असतं म्हणालात?" त्यांच्या क्लासमधल्या मुलींना शिकवायचं असेल. मी टेबलाशी बसूनच करून दाखवलं. पुढे क्लास जोरात चालू होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, काहीतरी बोलायला गेल्या आणि उठून दिवा लावायला गेल्या.

मी म्हटलं, "एकदा हा आवाज सापडला ना बाई, की दुसऱ्या दिवशी सही आणि तिसऱ्या दिवशी मी घरी. तुमचीही सुटका."

"हो का," म्हणाल्या.

२ मे

आज उरलेले डबे चालवले. प्रत्येक डब्यात आवाज आहे. खिडकीशी बसा, दाराशी बसा, वरच्या बर्थवर पडा, सगळीकडे तोच. म्हणजे एका फळीचा दोष नव्हे, मुळातच काहीतरी चुकलं आहे. सगळेच्या सगळे डबे अडवले. जन्मात पहिल्यांदा अख्खी गाडी अडवली. होऊन जाईल नुसता बघत राहिला. त्याने त्याचे ते दोन शब्दसुद्धा काढले नाहीत. मला वाईट वाटलं. पण आवाज आहे तर आहे.

लेक फोनवर चिडली. "बाबा, तुमच्या एका टकटकीसाठी सगळे लोक बसचे धक्के खातायत." म्हटलं, हीच माणसं रात्रभर त्या डब्यात झोपणार. उशाशी टकटक घेऊन कोण झोपेल?

९ मे

लिहू नये, पण लिहितो. आवाज आता मला घरीही ऐकू येतो. संध्याकाळी टेबलाशी हनुवटी टेकून पेपर वाचत होतो, पुढे मुली बडवत होत्या. आणि टक, टक, टक. हुबेहूब. उठलो तर बंद. म्हणजे डोक्यात बसला. माझे पहिले साहेब शेवटी शेवटी घरातल्या पंख्यालाही शेरे लिहायचे, असं ऐकलं होतं. तेव्हा आम्ही हसलो होतो.

बाईंना म्हटलं, माझे कान गेले बहुतेक. त्या एकदम म्हणाल्या, "कान नाही गेलेत तुमचे." इतक्या ठामपणे म्हणाल्या की मला धीर आला. नंतर बराच वेळ त्यांनी स्वयंपाकघरात भांडी लावली. लावलेलीच होती.

१८ मे

छतं उतरवली. सगळ्या डब्यांची. आत वायरी, पाइप, सुताराची एक पेन्सिल आणि अर्धवट खाल्लेलं बिस्कीट निघालं. टक करेल असं काही नाही. मुख्य कार्यालयातून मॅडमना फोन आला, मी समोरच बसलो होतो. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "सर, या महिन्यात डबे गेले नाहीत तर मला इथून हलवणार आहेत. हे तुम्हाला सांगून तुमच्यावर दबाव आणत नाही. तुमच्या कानांबद्दल मी इथे येण्याआधीपासून ऐकलंय. आवाज आहे ना, मग आम्ही शोधू." त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाई हल्ली मऊ मऊ करून वाढतात. बटाटा कुस्करून, भात जरा जास्त शिजवून. चौकातल्या डॉक्टरीणबाईंचं नाव मात्र काढत नाहीत. आधी चार दिवसांआड आठवण करून द्यायच्या. बरं झालं, विषय संपला.

२४ मे

आज संध्याकाळी आम्ही दोघं मागच्या अंगणात बसलो होतो. मी त्यांना झोपायच्या डब्यातली माझी आवडती जागा सांगत होतो. मधला कप्पा, खालचा बर्थ. चाकं दूर, दार दूर. म्हटलं, तुम्ही प्रवास कधी करता? म्हणाल्या, "जायचं कुणाकडे?" मग आत गेल्या आणि मला हाक मारली, पाखरू आलं होतं दिव्यावर. पाहुणे न म्हणता नुसतं "अहो, इकडे या जरा" म्हणाल्या. घाईत असतील.

मी घरी गेल्यावर ही खोली कुणाला देणार, असं विचारलं. त्या पाखरू बाहेर सोडायला निघून गेल्या. भाडेकरूंचा अनुभव वाईट असेल.

३१ मे

क्लासच्या मुली शहरात परीक्षेला गेल्या होत्या. आमच्याच शहरात, गाडीने रात्री झोपून सकाळी पोचायचं तिथे. गाडी नाही म्हणून बसने गेल्या. वाटेत बस बिघडली. तिघी दुसऱ्या बसमध्ये घुसल्या आणि पोचल्या. दोघींची परीक्षा बुडाली. आता पुढच्या वर्षी. त्यातली एक वर्षभर रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पायरीवर बसायची. ती आज आली आणि बाईंच्या गळ्यात पडून रडली. बाईही रडल्या. पण मुलगी गेल्यावरही त्यांचं रडणं थांबेना.

मी म्हटलं, बाई, यात तुमचा काय दोष? दोष असेल तर माझा, मी डबे अडवलेत. त्या माझ्याकडे बघतच उठल्या आणि आत गेल्या. जेवल्या नाहीत.

३ जून, दुपार

आज सकाळी हिरडी टरारून सुजली होती. नव्या चाचणीचा दिवस आणि मला चहाही पिता येईना. बाई मिठाचं पाणी घेऊन आल्या. मी चूळ भरेपर्यंत समोर उभ्या. मग म्हणाल्या, "आज कवळी घालू नका. घरी ठेवून जा."

म्हटलं, चारचौघांत बोळक्या तोंडाने जाऊ?

"ऐकायला जाताय ना? ऐकायला दात लागत नाहीत." आणि हात पुढे केला. त्यांच्या हातावर कवळी ठेवताना मला लाज वाटली. बायको गेल्यापासून असं माझ्याकडे कुणी काही मागून घेतलेलं नाही. त्यांनी ती वाटीत पाण्यात घातली, वर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "जा आता. उशीर झालाय."

आणि आज आवाज नाही. मोकळ्या लाइनवर गाडी पूर्ण वेगात, जबडा सैल, डोळे मिटलेले, आणि कुठे काही नाही. सगळ्या डब्यांमधून हिंडलो. वरच्या बर्थवर पडलो. नाही म्हणजे नाही. होऊन जाईलचे दोन्ही हात धरून म्हटलं, काय केलंत तुम्ही? तो म्हणाला, "काही नाही साहेब. होती तीच छतं परत चढवली." इतकी नम्रता. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी खिडकीकडे वळून पुसलं. मी तिथेच डब्यात, मांडीवर पॅड ठेवून, सगळ्या डब्यांवर सही केली. सोमवारी गाडी निघणार. गाडीबरोबर मी.

बाईंना सांगायला घाईघाईने घरी आलो. त्या क्लासमध्ये होत्या. दारातूनच "झालं, सही केली" म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि एका मुलीच्या यंत्रात कागद घालायला वळल्या. माझी निराशा झाली. एवढे दिवस रोज ऐकत होत्या, थोडं तरी कौतुक करायला हवं होतं.

३ जून, संध्याकाळ

सूज उतरली म्हणून कवळी घातली. टेबलाशी बसलो. पुढे क्लास चालू. सवयीने हनुवटी टेकवली, जबडा सैल सोडला.

टक. टक. टक.

कवळी काढली. बंद. घातली. टक. काढली. बंद.

कवळी हातात होती. म्हणजे अख्खी गाडी, सगळी छतं, ते रबरी वायसर, ओळीने तोंड उघडून बसलेले फिटर. ती पायरीवर बसणारी मुलगी. सगळं माझ्या तोंडात. गाडी नाही म्हणून मी डॉक्टरांकडे गेलो नाही, म्हणून कवळी सैल, आणि कवळी सैल म्हणून गाडी नाही. हसू यावं की रडू, ते कळेना. आधी हसूच आलं.

क्लास सुटल्यावर बाई आत आल्या. मी हातातली कवळी वर करून म्हटलं, "बाई, आवाज सापडला."

त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तुम्ही तोंड कसं सोडता ते करून दाखवलंत, त्या संध्याकाळी. मी टेबलाच्या या बाजूला होते. मला इथपर्यंत ऐकू आला."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्यांनी पदराला हात पुसले. पुसायला काही नव्हतं. "सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी सही केली असती."

मला लगेच उमगलं नाही. मी म्हणालो, केलीच असती, कामच आहे ते. मग उमगलं.

"रोज म्हणायचे, उद्या सांगू," त्या म्हणाल्या. "ते काही बरं वाटायचं नाही. पण तुम्ही संध्याकाळी यायचात, टाक्यांचं सांगायचात, शिड्यांचं सांगायचात, घरात कुणीतरी बोलतंय असं वाटायचं. त्यात दोघींचं वर्ष गेलं. त्या दिवशी ठरवलं, आता बस्स. तोंडाने सांगायचं धैर्य झालं नाही, म्हणून कवळी काढून घेतली. रागवायचं असेल तर रागवा."

मला राग आला होता, तो खरा होता. माझ्या नोकरीची शेवटची तपासणी, आणि मी सगळ्यांच्या हसण्याचा विषय. पण राग धरून ठेवता येईना. म्हटलं, "आणि माझे कान?"

"कान चांगले आहेत हो तुमचे," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकू येतं. कळत काही नाही, एवढंच."

४ जून

सकाळी मॅडमच्या ऑफिसात गेलो. होऊन जाईललाही बोलावून घेतलं. दार लावलं आणि सांगितलं. बोलून भागेना, तेव्हा जबडा सोडून, टेबल हलवून आवाजही काढून दाखवला. मॅडम बराच वेळ तोंडावर हात धरून होत्या. मला वाटलं, रडतायत. मग कळलं. होऊन जाईल मात्र हसला नाही. म्हणाला, "म्हणजे आमचं छत चांगलं होतं."

"उत्तम होतं," मी म्हटलं.

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

त्याने टोपी काढली, परत घातली आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने शॉपमधून असा हशा आला की मॅडमनी खिडकी लावून घेतली. लावून घेतली तरी ऐकू येत होता.

आधीचे सगळे शेरे मागे घेतले. उशिराला कारखाना जबाबदार नाही, दोष डब्यांत नव्हता, तपासणाऱ्याच्या कवळीत होता, असं सरळ लिहून मुख्य कार्यालयाला पाठवलं. मॅडम म्हणाल्या, "सर, एवढं लिहायची गरज नाही. 'दोष दूर झाला' लिहिलं तरी चालेल." म्हटलं, तुम्हाला हलवणार होते ते माझ्या दातांमुळे, तुम्ही राहाल तेही दातांमुळेच. निवृत्तीच्या समारंभात आता माझं काय होणार, ते दिसतंच आहे. होऊ दे.

८ जून

गाडी निघाली. सगळे नवे डबे, पाठोपाठ, पुसून लख्ख. रस्त्याच्या पुलावर लोक बघायला उभे होते. वर्कशॉपची माणसं रुळाच्या दोन्ही बाजूंना, आणि मी दारात दिसलो तसे सगळ्यांनी एकदम डोळे मिटून जबडे सैल सोडले. होऊन जाईल सगळ्यांत पुढे. एवढा प्रेमाचा निरोप मला कुठल्या गावाने दिला नव्हता.

बाई आल्या होत्या. क्लासला सुटी देऊन. हातात एक छोटी डबी, कवळी ठेवायला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे तुमचं नाव घातलंय. पुढच्या महिन्यातलं."

"आमच्या शहरात माझे डॉक्टर आहेत," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे.

"असतील." त्यांनी माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं, लावून झाल्यावर काय केलं ते लक्षात येऊन हात मागे घेतला. "गाडी इथे थांबणार आहे ना?"

"थांबणार."

"रोज?"

"रोज. रात्री तिकडून निघून सकाळी इथे."

"मग झालं," त्या म्हणाल्या. सही केल्यापासून मनात धास्ती होती की आता हे घर संपलं. गाडी जिकडे जाते तिकडून परतही येते, हे गाड्या तपासणाऱ्या माणसाच्या डोक्यात आलं नव्हतं. बाईंच्याही आलं नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. आम्ही दोघंही तिथे प्लॅटफॉर्मवर उभ्या उभ्या हसलो.

"आता उशीर करू नका," एवढंच म्हणाल्या.

मोकळ्या लाइनवर गाडीने वेग घेतला. मधल्या कप्प्यात खालच्या बर्थवर बसलो आणि जबडा सैल सोडला. टक. टक. टक. सबंध वाट ऐकत आलो.

६ जुलै

खोलीचा रंग छान आहे. लेकीने माझ्या आवडीचा लावला आहे. नातू मला जबडा सोडायला लावतो आणि टेबल हलवतो. मुख्य कार्यालयातल्या समारंभात व्हायचं ते झालं. भेट म्हणून टूथब्रश दिला.

मॅडम अजून कारखान्यातच आहेत, पुढच्या गाडीचे डबे करतायत. क्लासमधल्या त्या दोघी मुलींना मी पत्र लिहून सगळं सांगितलं आणि पुढच्या परीक्षेला माझ्याकडे उतरायचं बोलावणं केलं. एकीचं उत्तर आलं, टाइप केलेलं, एकही चूक नाही. तिचा राग गेलेला नाही, पण ती येणार आहे.

रोजची गाडी आजपासून सुरू झाली. सकाळी तिकीट काढायला निघालो. लेक म्हणाली, "बाबा, कवळीसाठी रात्रभराचा प्रवास? आपले डॉक्टर पलीकडच्या गल्लीत आहेत."

"त्यांनीच सैल बसवली," मी म्हणालो.

"ती बसली तेव्हा घट्ट होती. तुम्हीच सांगायचात."

मी कोट शोधायला लागलो. ती माझ्याकडे बघत राहिली, मग तिनेच कपाटातून माझा चांगला कोट काढून दिला आणि वरचं बटण सैल झालंय म्हणून टाका घालायला बसली. मी म्हटलं, राहू दे, तिकडे लावून घेईन. तिने सुई परत डबीत ठेवली आणि हसली नाही, पण हसू दाबताना तिची आई दिसायची तशी दिसली.

तिकीटखिडकीवर मधल्या कप्प्यातला खालचा बर्थ मागितला, मिळाला. परतीचं कधीचं देऊ, असं तिकीटवाल्याने विचारलं. म्हटलं, बघू, डॉक्टरीणबाई काय म्हणतात.